दोन किलोमीटरच्या आत

माझ्या नवऱ्याला सगळी वस्ती ‘मीटर’ म्हणते. पूर्वी कौतुकानं म्हणायची. आता ज्या सुरात म्हणते तो ऐकून दुसरी एखादी पदर खोचून भांडायला उठली असती. मी उठत नाही. ह्यांची बाजू घेऊन भांडायचं वय गेलं, असं मी लोकांना सांगते. खरं कारण वय नाही.

ह्यांची नोकरी आमच्या प्रदेशाचा शाश्वत विकास मोजणाऱ्या कार्यालयात. शाश्वत म्हणजे काय, ते ह्यांनी मला लग्नानंतर आठवडाभरात समजावलं होतं. आजच्या माणसानं असं जगायचं, की उद्याच्यालाही पुरलं पाहिजे. मी म्हटलं, “हे तर मी रोज पातेल्यात बघून करते. त्याला ऑफिस कशाला लागतं?” हे हसले नाहीत. हसण्याला ह्यांच्या तक्त्यात रकाना नाही. बाकी त्रेसष्ट रकाने आहेत. नळ किती घरांत, झाडं किती जगली, कचरा कुठे जातो, बस किती लांब, शाळा किती लांब, दवाखाना किती लांब. सगळ्याचं मिळून प्रदेशाला शंभरापैकी गुण मिळतात, आणि शेजारच्या प्रदेशापेक्षा आपले दोन जास्त आले की साहेब सगळ्यांना चहा पाजतात.

‘किती लांब’चे सगळे रकाने ह्यांच्याकडे. त्यासाठी कार्यालयानं एक चाक दिलेलं आहे. कमरेइतका दांडा, खाली चाक, दांड्याला आकडे फिरणारी डबी. चाकाचा एक फेरा म्हणजे एक मीटर. माणसानं नुसतं चालायचं, मोजायचं काम चाकाचं. एकोणीस वर्षं हे त्या चाकामागे चाललेत. कितीदा तरी कुणीतरी ह्यांना बाजूला घेऊन म्हणालं असेल, अहो, जरा आमच्या बाजूनं बघा ना, चार मीटरनं काय होतंय! खुद्द साहेबांच्या मेव्हण्यानं एकदा बसथांब्याचं अंतर कमी लिहा म्हणून गळ घातली होती. ह्यांनी एक मीटर इकडचा तिकडे केला नाही. खोटं कशाला बोलू, मलाही तेव्हा भारी अभिमान वाटायचा. लाँड्रीत इस्त्री करता करता मी बायकांना सांगायची, आमच्या ह्यांच्या आकड्याला हात लावायची कुणाची छाती नाही.

रोज सकाळी कामावर निघण्याआधी हे कार्यालयाच्या अंगणात चाक तपासायचे. तिथे जमिनीवर पांढऱ्या रंगाची पन्नास मीटरची रेष आखलेली होती. रेषेच्या ह्या टोकाला चाक ठेवायचं, त्या टोकापर्यंत चालायचं, डबीत पन्नास आलं की चाक खरं. मगच बाहेर पडायचं. ह्यांच्या आधीचे मोजणारे महिन्यातून एकदा करायचे, तेही साहेब खिडकीत दिसले तर. हे मात्र रोज, पावसातसुद्धा.

आता अक्कांचं सांगते, कारण सगळं त्यांच्याच पायावर घडलं. अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. आई-बाप लवकर गेले, तेव्हा ह्यांना त्यांनीच वाढवलं. दुसऱ्यांच्या घरची भांडी घासून ह्यांची शाळा केली, आणि त्या नादात स्वतःचं लग्न करायचं राहूनच गेलं. मी ह्या घरात आले तेव्हा मला वाटलं होतं, ही बाई माझ्या डोक्यावर मिरे वाटणार. वाटलेही तिनं, पहिली चार-पाच वर्षं. मग आमचं जमलं. दोघींनी मिळून ह्यांची टर उडवायची, ह्यावर आमचं गूळपीठ होतं.

अक्कांना साखरेचा आजार. त्यात डाव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली आणि ती काही भरेना. एक दिवसाआड धुवायची, मलम लावायचं, पट्टी बदलायची. त्याची सोय वस्तीतच होती. आमची वस्ती टेकडीवर, शहराच्या डोक्यावर बसलेली. तिथे पाण्याच्या टाकीला लागून एक खोली, आणि खोलीत एक सिस्टर. पट्टी, इंजेक्शन, रक्तदाब, बाळंतिणीची चौकशी, सगळं ती बघायची. आमच्या दारापासून दोनशे पावलं. अक्का काठी टेकत जायच्या, सिस्टरशी तासभर गप्पा हाणायच्या आणि वस्तीच्या सगळ्या बातम्या घेऊन परत यायच्या.

मोठा दवाखाना खाली, रस्त्याला. वस्तीतून तिथे जायचं तर आधी उतार, मग शंभरावर पायऱ्या, मग गल्ली. वर गाडी येत नाही. पण नियम असा होता, की मोठा दवाखाना वस्तीच्या मधल्या घरापासून चालत दोन किलोमीटरच्या आत असेल तर ती वस्ती हिरवी, आणि बाहेर असेल तर लाल. लाल वस्तीला तिची स्वतंत्र खोली आणि सिस्टर. हिरव्या वस्तीला त्याची गरज नाही, ती ‘दुबार सोय’. पायऱ्यांना तक्त्यात रकाना नाही, पायांना तर नाहीच.

आम्ही लाल होतो. आधीच्या फेरीत ह्यांनीच मोजलं होतं, दोन हजार आणि वर थोडंसं. दर तीन वर्षांनी फेरी, दर फेरीला नवा आकडा. त्या वर्षी पुन्हा मोजायची वेळ आली.

फेरीच्या आधी एका सकाळी ह्यांच्या डबीत रेषेच्या टोकाला साडेपन्नास आलं. पन्नासच्या रेषेवर साडेपन्नास! हे घरी आले ते चेहरा उतरवून. मी विचारलं, “काय हो, कोण गेलं?” तर म्हणाले, “टायर झिजलाय.” चाक झिजून लहान झालं, म्हणून तेवढ्याच अंतरात जास्त वेळा फिरतं, असं त्यांनी मला जेवताना ताटात वाटी फिरवून दाखवलं. दुसऱ्याच दिवशी सायकल दुरुस्तीवाल्याकडे जाऊन नवा टायर बसवून आणला. त्याच्याकडे ह्या चाकाचा टायर नव्हता, त्यानं सामानाच्या हातगाडीचा कापून घट्ट बसवून दिला. दिसायला झकास. हे नव्या जावयासारखे त्या चाकाकडे बघत होते.

नेमकं त्याच दिवशी कार्यालयाचं अंगण उकरलेलं. जुनी जमीन काढून फरशा घालायच्या होत्या, बाहेरचे पाहुणे येणार म्हणून. रेष गेली. फरशा बसल्यावर रंगारी आला आणि डबा-ब्रश घेऊन विचारत उभा राहिला, रेष कुठून कुठपर्यंत ओढू? तो आपला पावलांनी मोजून ओढायला निघाला होता. तो पन्नास मीटर पावलांनी मोजतोय म्हटल्यावर ह्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणाले, “थांब. अंदाजपंचे काम नको. माझ्या चाकानं मोज.” आणि स्वतः चाक चालवून, डबीत बरोबर पन्नास आल्यावर खूण करून दिली.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी चाक त्या रेषेवर. रोज बरोबर पन्नास. हे इतके खूश, की मला म्हणाले, “एकोणीस वर्षांत असं चाक मिळालं नव्हतं. केसाचासुद्धा फरक नाही.”

हसू येतंय ना? मलाही येतं. कार्यालयात बारा माणसं, त्यातले चार इंजिनियर, आणि साहेब तर परदेशात शिकून आलेले. एकाच्याही लक्षात आलं नाही.

तर फेरी सुरू झाली. अक्कांना कुणकुण लागलीच होती, की ह्या वेळी साहेब दुबार सोयी कमी करणार आहेत. सिस्टरनंच सांगितलं होतं. आमच्या वस्तीच्या मोजणीच्या आदल्या संध्याकाळी ह्यांचे बूट काढायचेच होते, तेवढ्यात अक्कांनी विषय काढला.

“अरे, उद्या आपल्या वस्तीचं मोजणार ना तू?”

“हो.”

“जास्तच भरेल ना?”

“जेवढं आहे तेवढं भरेल, अक्का.”

“आणि कमी भरलं तर? वीस मीटर कमी पडले तर?” अक्कांनी पाय स्टुलावर ठेवला होता, पट्टीतला अंगठा वर. “मग तू वीस मीटर घालशील ना रे? माझ्यासाठी? मी आजवर काही मागितलं तुझ्याकडे?”

हे बुटाची नाडी सोडत राहिले. मग म्हणाले, “अक्का, आज तुझ्यासाठी वीस घातले, तर उद्या साहेबांच्या मेव्हण्यासाठी का नको? माप म्हणजे माप.”

अक्कांनी पाय स्टुलावरून खाली घेतला. मी बोलले. काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. ज्या बाईनं तुमच्यासाठी हात झिजवले तिच्या पायाला तुम्ही नियम शिकवता, हे त्यातलं सभ्य तेवढं सांगते. हे ऐकून घेत राहिले. ऐकून घेणाऱ्या माणसाशी भांडण्यासारखी शिक्षा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे खालून चाक ढकलत वर आले. दवाखान्याच्या दारापासून सुरुवात करून मधल्या घरापर्यंत मोजायचं, आणि मधलं घर आमच्या पुढे दहा-बारा घरं सोडून. उन्हानं चेहरा लाल झालेला. चाक आमच्या पायरीला टेकवून हे पाणी प्यायला आत आले. मी बाहेर गेले. चाक उचललं, हवेत धरलं आणि हातानं पन्नास फेरे फिरवले. फेरा मोजत होते आणि मनात म्हणत होते, घ्या, हा अक्कांचा, हाही अक्कांचा.

हे बाहेर आले, डबीकडे बघितलं, मग खिशातला कागद काढला. मला काय माहीत, की हा माणूस पाणी प्यायला थांबतानासुद्धा आकडा लिहून ठेवतो! कागदावर होतं एक हजार नऊशे अडतीस. डबीत एक हजार नऊशे अठ्ठ्याऐंशी. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. चाक खांद्यावर टाकलं, सगळ्या पायऱ्या उतरून पुन्हा खाली गेले आणि पहिल्यापासून मोजत वर आले. ह्या वेळी पाणी प्यायला थांबले नाहीत.

एक हजार नऊशे ऐंशी.

मी म्हटलं, “मागच्या वेळी दोन हजाराच्या वर होतं. मग डोंगर आकसला का?” तर ह्यांच्याकडे उत्तर तयार, “मागच्या वेळीच टायर झिजायला लागला असणार. झिजलेलं चाक जास्त दाखवतं. आता खरं आलं.” आणि बसून फॉर्म भरला. फॉर्मवर शेरा लिहायला जागा असते. तिथे ह्यांनी आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं, की मोजणीदरम्यान मोजणीदाराच्या कुटुंबीयाकडून उपकरणात ढवळाढवळ झाली, सबब मोजणी पुन्हा केली. लिहून मला वाचून दाखवलं. नियम आहे म्हणाले, जे घडलं ते लिहायचं.

फक्त आमचंच नाही, त्या फेरीत सगळ्या प्रदेशातली अंतरं थोडी थोडी कमी भरली. शाळा जवळ आल्या, बस जवळ आली, दवाखाने जवळ आले. साहेबांनी पत्रकारांना सांगितलं, की पाऊलवाटांच्या सुधारणेचा हा परिणाम आहे. प्रदेशाचे गुण वाढले, पहिला नंबर आला, चौकाचौकांत हिरवे फलक लागले. ‘सगळं काही चालत जाण्याजोगं’. सतरा वस्त्या लालच्या हिरव्या झाल्या. आमची त्यातली एक.

तीन महिन्यांत सिस्टरची बदली झाली. जाताना ती अक्कांना उरलेलं मलम आणि पट्ट्यांचा एक गठ्ठा देऊन गेली आणि मला म्हणाली, “वहिनी, पाय ओला राहू देऊ नका.” ह्यांच्याशी ती बोलली नाही. वस्तीत कुणीच बोलत नव्हतं. ह्यांच्या मागून पोरं चाक चालवल्याचं सोंग करायची.

पहिले काही दिवस अक्का खाली गेल्या. उतार काठीनं, आणि पायऱ्या बसून. हो, बसून. एकेका पायरीवर बूड टेकायचं, डावा पाय पुढे हवेत धरायचा आणि खाली सरकायचं. शंभरावर पायऱ्या. बघणारे बघायचे. वर येताना हे त्यांना पाठीवर घ्यायचे, पण ह्यांना कामावरून सुटायला संध्याकाळ व्हायची, आणि अक्का सकाळपासून दवाखान्याच्या बाकावर. मी लाँड्रीतून दोन दिवसांची रजा मागितली, तर मालकीण म्हणाली, “रजा कशाला, सुट्टीच घे कायमची.” अकराव्या खेपेला अक्का म्हणाल्या, आता मी जाणार नाही. लोकांनी माझं बूड बघितलं तेवढं पुरे झालं.

मग घरीच पट्टी. मी करायची, जमेल तशी. अक्का म्हणायच्या बरं आहे, खाज सुटते म्हणजे भरतंय. पट्टी स्वतःच बदलते म्हणायला लागल्या, मी मानलं. मला सुटका हवी होती, म्हणून मानलं. खोलीत पावडरचा वास वाढत गेला. अक्कांना पावडर लावायची आवड कधीच नव्हती. मला कळायला हवं होतं. एका सकाळी चादर बदलताना मी पाय बघितला, तेव्हा तीन बोटं काळी झाली होती.

मोठ्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी गुडघ्याखाली कापायला सांगितलं. हे बाहेरच्या बाकावर बसून राहिले आणि मी त्यांना म्हटलं, “आता कसं, हिरव्यात बसला ना पाय?” असलं बोलायला नको होतं, कळतंय मला. पण बोलले, आणि बोलून बरं वाटलं.

अक्का घरी आल्या तोवर सिस्टरच्या खोलीला हिरवा रंग लागला होता. दारावर पाटी, ‘शाश्वत विकास माहिती केंद्र’. आत भिंतीवर आमच्या प्रदेशाचा नकाशा, सगळा हिरवागार, आणि जिथे पट्टीचं टेबल होतं तिथे पत्रकांचा ढीग. कुलूप कायम असतं. किल्ली साहेबांनी ह्यांच्याकडेच दिली, घर जवळ पडतं म्हणून.

त्यानंतर दोन महिन्यांनी पाहुण्या आल्या. बाहेरून आलेल्या तपासनीस बाई. पहिल्या नंबराचा पुरस्कार द्यायच्या आधी आकडे तपासायचे असतात. त्या दिवशी कर्मचाऱ्यांच्या घरच्यांनाही चहाला बोलावलं होतं, कारण ह्यांचा सत्कार होता, सर्वांत काटेकोर मोजणीदार म्हणून. मी जाणार नव्हते. अक्काच म्हणाल्या, “जा. तो एकटा बरा दिसत नाही.” ह्यांच्या शर्टाला मीच इस्त्री केली.

अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. बाई वयानं बारीक, बोलायला गोड. ह्यांनी मोठ्या हौसेनं त्यांना चाक दाखवलं, रेषेवर चालवून पन्नास आणून दाखवलं. बाईंनी मान हलवली. मग पिशवीतून पोलादी टेप काढला, एक टोक शिपायाच्या हातात दिलं आणि रेष मोजली. पुन्हा मोजली.

“एक्कावन्न मीटर आहे,” बाई म्हणाल्या.

“पन्नास,” हे हसून म्हणाले. लहान मुलाची चूक सुधारावी तसं.

“ही रेष कशानं मोजून आखली?”

“माझ्या चाकानं.”

“आणि चाक कशावर तपासता?”

“ह्या रेषे...” आणि हे तिथेच थांबले. तोंड उघडंच राहिलं. बाई खाली वाकल्या, टायरला टेप लावून म्हणाल्या, “मूळच्यापेक्षा तीन मिलीमीटर जाड आहे हा.”

एक मीटर म्हणून चाक जवळजवळ दोन सेंटीमीटर जास्त चालत होतं. मला गणित येत नाही, पण ह्यांना येतं. खुर्चीवर येऊन बसले आणि चहाच्या बशीवर बोटानं आकडे काढत राहिले. मी विचारलं, “आपलं किती?” म्हणाले, “दोन हजार वीस.”

सत्कार झाला बरं का! रद्दबिद्द काही नाही. बाईंनी अहवालात लिहिलं, की दोन टक्के फरक आढळला, तीन टक्क्यांपर्यंत चालतो, सबब ग्राह्य. टाळ्या वाजल्या. ह्यांच्या गळ्यात हार पडला तेव्हा हे मेलेल्या माणसाच्या फोटोसारखे दिसत होते.

हार काढून हे तडक साहेबांच्या खोलीत गेले, मी मागोमाग. म्हणाले, “साहेब, टेकडीवरची वस्ती दोन हजार वीसवर आहे. पुन्हा मोजून लाल करा. सिस्टरला परत पाठवा. बाकीच्या सोळाही तपासायला हव्यात.”

साहेबांनी बसायलाही सांगितलं नाही. “पुढच्या फेरीत बघू. दोन-अडीच वर्षं राहिलीत.”

“साहेब, माझ्या बहिणीचा पाय गेला.”

“वाईट वाटलं ऐकून.” साहेबांनी कपाटातून फॉर्म काढला. “पण हेच तर. तुमची बहीण, तुमची वस्ती. आणि हा शेरा बघा. कुटुंबीयाकडून ढवळाढवळ. तुमच्याच अक्षरात आहे. आता तुम्हीच येऊन अंतर वाढवा म्हणताय. मी वर काय तोंड दाखवू?” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “ह्याच का त्या कुटुंबीय?”

माझी मान खाली गेली. आपलेच दात, आपलेच ओठ, कुणाला चावणार? साहेब वर म्हणाले, “तुम्ही खरं तेच लिहिता, मीटर. म्हणून तर सत्कार केला.”

घरी येताना शंभर पायऱ्या आम्ही चढलो. मला वाटलं, हे अक्कांना सांगणार नाहीत. सांगू नये, असंच मला वाटत होतं. काय उपयोग? पाय काही उगवून येणार नव्हता. पण ह्या माणसाला लपवता येत नाही, ना कागदावर, ना तोंडावर.

अक्का खाटेवर बसल्या होत्या. लाकडी पाय करून देणाऱ्या कारखान्यातून त्या दिवशीच एक कागद आणि कागदी फीत आली होती. कुठे कुठे माप घ्यायचं ते चित्रावर खुणा करून दिलेलं. उरलेल्या पायाचा घेर तीन ठिकाणी, आणि चांगल्या पायाची गुडघ्यापासून टाचेपर्यंतची लांबी. माप चुकलं तर पाय घासतो, जखम होते, नीट घ्या, असं खाली लिहिलं होतं.

ह्यांनी काही न विचारता फीत उचलली. असल्या कामाला हात आपोआपच जातो त्यांचा. अक्कांसमोर जमिनीवर बसले, पातळ गुडघ्यापर्यंत वर सारलं, फीत उलगडली आणि तिथेच थांबले.

“अक्का,” हे म्हणाले, “दोन हजार वीस होतं.”

“काय?”

“खालच्या दवाखान्याचं अंतर. चाक चुकीचं होतं. रेषही. मीच आखून घेतली होती.”

अक्कांना कळायला वेळ लागला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग त्या आपल्या पायाच्या टोकाकडे बघत राहिल्या, जिथे कातडी मुडपून शिवलेली आहे.

“मी वीस मागितले होते रे,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही, उतरला नाही. “आणि तू माझेच चाळीस खाऊन बसला होतास.”

हे खाली मान घालून रडायला लागले. रडता रडता फीत पायाभोवती गुंडाळायला गेले. अक्कांनी पाय मागे ओढून घेतला. आता तो लहान आहे, पटकन ओढला जातो.

“तू नको मोजूस. फीत हिच्याकडे दे.”

ह्यांनी फीत माझ्याकडे दिली आणि दारात जाऊन उभे राहिले. मी अक्कांच्या पायाशी बसले. तिन्ही खुणांवर घेर घेतला, लांबी घेतली, सगळं दोन-दोनदा मोजलं आणि कागदावर लिहिलं. अक्का छताकडे बघत होत्या.

“किती आलं?” हे दारातून म्हणाले.

आम्हा दोघींपैकी कुणीच सांगितलं नाही. मी कागदाची घडी घातली आणि अक्कांच्या उशीखाली ठेवली.